आबांची जीप आणि डॉक्टरांची लाल गाडी

माझे चुलते आबा आपल्या जुन्या जीपपुढं कुठल्याच गाडीला गाडी म्हणत न्हाईत, ठावं हाय न्हवं? परवा राजारामपुरीतले एक डॉक्टर दोन सीटची, बिनटपाची जुनी लाल गाडी घेऊन आमच्यासंगं पन्हाळ्याला आलते.

आबा म्हणाले, “डॉक्टर, हे खेळणं हाय. बसलं की बूड रस्त्याला घासतंय!”

परतताना लाल गाडी बंद पडली. आबांनी ती जीपला दोरानं बांधली.

डॉक्टर म्हणाले, “मानलं तुमच्या जीपला!”

आबांनी जीपची किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली, त्यांचा गॉगल मागून घेतला आणि लाल गाडीत स्टेअरिंगवर जाऊन बसले.

कोल्हापुरात शिरताच मागनं आबा वरडले, “डॉक्टर, हळू वढा की! आन् आमच्या गल्लीतनं घ्या!”