आधी मोसंबीला!

आणि वर मलाच म्हणतात, "एवढं घाबरायचं काय?" अहो, घाबरायचं काय म्हणजे? तुमच्या घरात एकाच फळीवर दोन बाटल्या असत्या, एक पोराच्या खोकल्याची, एक बकरीच्या जंतांची, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बुटक्या, तर तुम्ही काय नाचला असता? मी काही भित्री नाही, तुम्हाला सांगते... मला फक्त सगळं आधीच दिसतं!

तर आमचा गोपाल. अंगणवाडीत जातो, खोकतो, आणि मोसंबीशिवाय घोटभर पाणी पीत नाही. मोसंबी म्हणजे आमची पाट, तरणी बकरी, अजून एकदाही व्यायली नाही, रंग पिवळट म्हणून हे नाव. औषधाला बसवला की हा म्हणणार, "आधी मोसंबीला!" मग मी तिच्यापुढे रिकामा चमचा धरायचा, तिनं तो चाटायचा, मग ह्याचं तोंड उघडणार. हसू नका! साक्रीकडच्या आमच्या डोंगरातल्या गावात पाऊस पडला तर पीक, त्यामुळे तेल-मीठ, गोपालची चप्पल, सासूबाईंचा चष्मा, सगळं बकऱ्यांवर. जुन्या दोघी म्हाताऱ्या झाल्या, आता कळप वाढवायचा तो हिनंच. म्हणजे माझ्या जिवाचे दोन तुकडे, एक खोकतो, एक बें करते!

काल आमची पशुसखी शीतलताई बाटली देऊन गेली. गावातल्या बकऱ्यांची औषधं तीच बघते. "वहिनी, पावसाआधी जंतांचं पाजून टाका. वजन बघून हं! आणि मान फार वर करू नका, ठसका लागला तर फुप्फुसात जातं." झालं! मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. फुप्फुसात!

आज सकाळी म्हटलं, दोघांचं एकदमच उरकू. दोन बाटल्या काढल्या, दोन चमचे काढले, खोकल्याची उघडली... तेवढ्यात सासूबाई गोठ्यातून ओरडल्या, "कुत्रं वं, कुत्रं!" धावले. हाकललं. परत येते तर काय, दोन्ही चमचे चाटून लख्ख आणि गोपाल ओठ पुसतोय! "मी पिलो, मोसंबी पिली!" अरे, पण कुणी कोणतं पिलं? "औषध!" म्हणे.

मी बोंबच ठोकली. सासूबाई म्हणतात, "काय भित्री शे वं तू! आमना बठ्ठा पोरे असाच मोठा व्हयनात!" असेच म्हणजे कसे, बकरीचं औषध पिऊन? नवऱ्याला फोन लावला, तो रावेरला केळीच्या गाड्या भरतो. मी रडत रडत सगळं सांगितलं, तर पलीकडून काय, "मोसंबी बरी आहे ना?" अहो, पोरगा! "हां हां, तो पण!"

आणि तेवढ्यात मोसंबी उभ्या उभ्या डुलायला लागली हो... डोळे मिटले, पाय दुमडले, बसली ती झोपलीच! आता आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंनीच सांगितलं होतं, ह्या खोकल्याच्या औषधानं झोप येते. म्हणजे खोकल्याचं हिनं पिलं. म्हणजे जंतांचं... अगं बाई गं!

मी काही भित्री नाही, तुम्हाला सांगते, पण एका कडेवर गोपाल, एका बगलेत घोरणारी बकरी, गळ्यात बाटल्यांची पिशवी, आणि सुटले उपकेंद्राकडे! वाटेत अभिमननाना पारावरून विचारतात, "सूनबाई, बाजारले चालनी का वं?" काय सांगू त्यांना? कुणाला विकायला निघाले म्हणू?

नर्सबाईंनी गोपालचे डोळे पाहिले, पोट दाबलं, तोंडाचा वास घेतला. म्हणाल्या, "बकरीची बाटली दाखवा." दाखवली. त्यांनी ती फिरवली, उलटी केली, माझ्याकडे बघितलं... मी म्हटलं, गेलं, सगळं गेलं, आता धुळ्याला न्यायला सांगणार...

"बाई, हिचं सील कुठं फुटलंय?"

सील!

गोपाल म्हणतो, "ते झाकण उघडेचना. मग माझ्यातलंच दिलं तिला. आधी मोसंबीला, मग मला."

रडू येतंय का हसू, तेच कळेना. नर्सबाई मात्र अशा रागावल्या, "औषधं पोराच्या हाताला लागतील अशी ठेवतात का? आज दिवसभर दोघांवर लक्ष ठेवा!" लक्ष? अहो, मी दुसरं करते काय जन्मभर!

आता मोसंबी उठली, पाला खातेय. बाटली मी पार वर, पत्र्याखालच्या खुंटीला टांगलीय. पण जंतांचं पाजावं तर लागणारच ना, नाहीतर पावसाळ्यात पोट धरून बसेल, शीतलताई बोलेल ते वेगळंच. आणि हा गोपाल... चमचा घेऊन दारात बसलाय घरी आल्यापासून! म्हणतो, "तिनं माझं पिलं, आता तिच्यातलं मला. आणि आज आधी मला!"

मी काही भित्री नाही, तुम्हाला सांगते... पण ते झाकण उघडायला तुमच्यापैकी कुणी येतं का हो?