चेहऱ्याला शून्य, रडण्याला शून्य

नाही म्हणजे नाही, शौनक डॉक्टर! माझ्या नातवाला सुन्न करायचं इंजेक्शन माकडहाडापाशी द्या, त्यात तुमचं ते स्टिरॉइडही घाला — माझी ना नाही — पण दुखणं थांबवायचे थेंब केसपेपरवरून खोडायचे नाहीत. सहा महिन्यांचं पोर ते, हर्नियाचं ऑपरेशन, खेळ आहे का? काय म्हणालात? स्टिरॉइड घातलं की बारा तास दुखत नाही? कुठून आणलेत हे बारा तास? माझ्याच तक्त्यांवरून ना — मुलुंडच्या ह्याच वॉर्डात तुमच्या अभ्यासासाठी मीच भरले ते, दर तासाला बाळाचा चेहरा बघायचा, पाय बघायचे, रडणं बघायचं आणि दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे — शी! नाव काढू नका त्या तक्त्यांचं.

बसा. नाही, बसाच. ऑपरेशन थांबेल पाच मिनिटं. वर्सोव्याची ती कल्पिता आठवते — कशी आठवेल म्हणा, तुम्ही फक्त कागद न्यायला येता — तिचं बाळ, सकाळी तुमचं ते इंजेक्शन घेतलेलं, दुपारी दोनलाच पाय पोटाशी घेऊन किंचाळत होतं, लालबुंद, आणि ती माझा हात धरून, 'सिस्टर, दुखतंय का हो त्याला?' मी थेंब पाजले. आणि लिहिलं काय? शून्य! का म्हणून काय विचारता? आधीच्या एका बाळाला सात दिले तर तीनदा विचारलंत, 'सिस्टर, नीट बघितलंत ना?' — हसत विचारलंत, वर सगळ्यांसमोर — मला काय ते कळलं. बत्तीस वर्षं नोकरी केलीय, साहेबाला काय हवं ते कळतंच. मग काय, चहाच्या वेळी एकदाच बसायचं आणि संध्याकाळपर्यंतचे रकाने भरून टाकायचे. शून्य, शून्य, एक. एक मधेच, खरं वाटावं म्हणून.

अशी अकरा बाळं आहेत. थेंब दिले हो सगळ्यांना, एवढी काही राक्षसीण नाही मी — म्हणजे, ज्यांचं रडणं ऐकू आलं त्यांना. असं बघू नका माझ्याकडे! त्याच कागदांवर परिषदेत टाळ्या कुणी घेतल्या? किळस येते तुमची — आणि माझी तर जास्तच.

लेक बाहेर बसलीय बाळाला मांडीवर घेऊन, आईचं हॉस्पिटल म्हणून निर्धास्त. सांगा तिला मी काय केलं ते, खुशाल सांगा. पण आधी पेन काढा. थेंब, दर सहा तासांनी, रडो न रडो — लिहा. सही करा. आणि आज त्याच्यापाशी दुसरी सिस्टर बसवा, माझ्या हातात तक्ता देऊ नका. जा आता.