शर्ट कुणाचा होता

अ-खुन: आधी तुझा फायदा सांग. पाच वाजता मला त्या दवाखान्यात नेलंस, तर माझी बायको तुला काय देणार आहे?

चिह-वेई: काहीच नाही, दाजी. ताईची काळजी बघवेना, म्हणून आलो.

अ-खुन: तू माझा मेव्हणा आहेस, साधू नाहीस. बोल.

चिह-वेई: बरं. महिनाभर रात्रीचं जेवण. आणि ती माझ्या बायकोला फोन करून सांगणार, की माणूस तसा वाईट नाही, माहेरून परत ये.

अ-खुन: तसा?

चिह-वेई: शब्द ताईचा आहे.

अ-खुन: म्हणजे डोकं माझं दाखवायचं आणि संसार तुझा सुधारायचा. गळाची काठी नीट धर. कोळंबी आमिष खाऊन चालली तुझं.

श्यू-ओ: पाहुणे, जरा हळू. हौदातल्या कोळंब्या दबकतात. गळ टाकायचा तुमचा तास संपत आलाय, अजून बसणार?

अ-खुन: अजून एक तास लावा, मालकीणबाई.

चिह-वेई: नका लावू. यांना मनाच्या डॉक्टरकडे जायचंय. शरीर-मन विभागात.

अ-खुन: सांग, माइक घे आणि सगळ्या हौदाला सांग.

श्यू-ओ: कुणी ऐकत नाही. भर दुपारी इथं काठी घेऊन बसलेला प्रत्येक पुरुष घरी जायला लागू नये म्हणून बसलाय.

अ-खुन: मला काही झालेलं नाही. छातीत धडधडायचं, तर हृदय दाखवलं. पोट दाखवलं. कान दाखवले. हाडवैद्यानं मान अशी फिरवली, की आठवडाभर उजवीकडच्या गाड्या दिसल्या नाहीत. सगळे म्हणाले, माणूस ठणठणीत.

चिह-वेई: आणि झोप?

अ-खुन: या वयात कमीच लागते.

चिह-वेई: ताई म्हणते, रात्रभर गच्चीत उभे असता. परवा लाल दिव्याला बस थांबवायची राहिली. शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती.

अ-खुन: थांबली ना बस.

चिह-वेई: पोरांनी मागे उड्या मारल्यावर थांबली. आणि सोमवारी रजा संपली, की तुम्ही पुन्हा तीच बस घेऊन कीलुंगला निघणार. ताईला भीती त्याची आहे.

अ-खुन: तुझी दोरी हलतेय.

चिह-वेई: हलू दे. देवळातली म्हातारीसुद्धा तेच म्हणाली.

अ-खुन: कोण म्हातारी?

चिह-वेई: भ्यालेल्याचा उडालेला जीव परत बोलावते ती. तुम्ही यायला तयार नाही, म्हणून ताई तुमचा शर्ट घेऊन गेली. म्हातारीनं त्यावरून उदबत्त्या फिरवल्या, वाटीतले तांदूळ निरखले आणि हातच टेकले. म्हणाली, हा शर्ट घालणाऱ्याचा जीव अंगात थांबायला तयार नाही. धड जेवत नाही, उगाच हसतो, रात्री कुठंतरी एकटा बसून राहतो. मी माझं केलं, पण याला डॉक्टरकडे न्या.

श्यू-ओ: सरळ बाई दिसते. हातचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवलं.

अ-खुन: कोणता शर्ट?

चिह-वेई: निळा, चौकटीचा.

अ-खुन: खिशावर शाईचा डाग आहे?

चिह-वेई: आहे वाटतं. का?

अ-खुन: तो तुझा शर्ट आहे. थंडीत भांडून आमच्याकडे झोपायला आलास, तेव्हा टाकून गेलास. तुझ्या ताईनं धुऊन माझ्या कपाटात लावला. माझ्या पोटावर त्याची बटणं लागत नाहीत.

चिह-वेई: नाही हो.

श्यू-ओ: म्हणजे उदबत्त्या भलत्याच माणसाला मिळाल्या.

अ-खुन: भलत्याला कशा? म्हातारी बरोबर बोलली, फक्त माझ्याबद्दल नाही.

चिह-वेई: शर्टावरून कुठं काय कळतं? अंधश्रद्धा सगळी.

अ-खुन: मघाशी नव्हती. जेवतोस का रे तू?

चिह-वेई: जेवतो की.

अ-खुन: काय?

चिह-वेई: त्या कपातल्या शेवया. गरम पाणी ओतून खायच्या.

अ-खुन: आणि रात्री कुठं बसतोस?

चिह-वेई: इमारतीच्या तळघरात, गाडीत. वर जाऊन दिवा लावला, की ती घरात नाही हे दिसतं. गाडीत ती एरवीही नसायची, त्यामुळे तिथं बरं वाटतं.

अ-खुन: रोज?

चिह-वेई: ताईला सांगू नका.

श्यू-ओ: माझा नवरा त्या कोपऱ्यात बसायचा. स्वतःच्याच हौदात गळ टाकून. मला वाटलं, लागला नाद. एक दिवस बघते तर गळाला आमिषच नाही. आता दर गुरुवारी त्याच विभागात जातो. पहिल्यांदा गेला तेव्हा तिथं सांगितलं, बायकोसाठी आलोय.

अ-खुन: आता बरा आहे?

श्यू-ओ: इतका बरा आहे, की दिवसभर बडबडून माझं डोकं खातो. गुरुवारी तेवढी शांतता मिळते.

अ-खुन: ऊठ, चिह-वेई. माझा नंबर तू घे.

चिह-वेई: नंबर तुमच्या नावाचा आहे. तुम्ही आत गेलात, तर मी माझा वेगळा काढतो. नाहीतर नाही.

अ-खुन: शर्ट तुझा. मी कशाला?

चिह-वेई: बस तुमची, म्हणून.

श्यू-ओ: काठ्या इथं ठेवा आणि निघा दोघं. वाटेत कुणी पळालं तर दुसऱ्यानं धरा.

(दवाखान्यातला शरीर-मन विभाग. चिह-वेई बाकावर बसलाय. अ-खुन डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येतो.)

चिह-वेई: केवढा वेळ, दाजी. माझं कधीच झालं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

अ-खुन: मी तुझ्याबद्दलच सांगत होतो. तुझी बायको, तुझ्या शेवया, तुझं तळघर. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मेव्हण्याचं समजलं, आता तुमचं सांगा.

चिह-वेई: मग?

अ-खुन: मग त्यांनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

चिह-वेई: वापरलात?

अ-खुन: चष्मा पुसायला.

चिह-वेई: तुम्हाला चष्मा नाही.

अ-खुन: बाहेर बोलायची गरज नाही.

चिह-वेई: गोळ्या दिल्या?

अ-खुन: दिल्या. आणि एकच विचारलं. सोमवारी तुमच्या बसमध्ये तुमच्या बायकोला बसवाल का?

चिह-वेई: काय उत्तर दिलंत?

अ-खुन: तिथूनच डेपोत फोन लावला.

चिह-वेई: पोट बिघडलं म्हणालात ना?

अ-खुन: तेच म्हणणार होतो. तोंडातून निघालं, झोप लागत नाही, मला भीती वाटते. मला वाटलं, गेली नोकरी. मग साहेब हळूच म्हणाला, दुसरा ड्रायव्हर लावतो, पण त्या डॉक्टरबाईंचं नाव कळव.

चिह-वेई: त्यांना कशाला?

अ-खुन: मित्रासाठी हवंय म्हणाला.

चिह-वेई: ताईला आता काय सांगायचं?

अ-खुन: खरं ते सांग. आणि आजपासून जेवायला ये.

चिह-वेई: येतो. पण दाजी, फीच्या खिडकीवर तुम्ही मला पाकीट काढू दिलं नाही, म्हणून मी तुमचे पैसे भरले. मग आज एकूण खर्च पडला कुणाला?

अ-खुन: तुझी फी मी भरली, माझी तू भरलीस. त्यात कुणाचं काही गेलं नाही. गेली ती माझी सोमवारची बस.