हलकी केलेली फाइल

अविनाश गेला त्याच्या दहाव्या दिवशी आमच्या कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली. मिलिंदने, माझ्या दिराने, दहाव्याचं करून घाटावरून आल्यावर दुपारी बदलली. मी आतल्या खोलीत होते. मला कुणी विचारलं नाही.

माझा जन्म इथलाच, कोलकात्यातल्या बेहाल्याचा. वडील शाळेत गणित शिकवायचे, घरात मराठी पुस्तकं आणि बाहेर सगळी बांगला, अशी मी वाढले. अविनाश सांगलीहून इथे एका आर्किटेक्टकडे नोकरीला आला आणि लग्नानंतर आम्ही घरीच काम सुरू केलं. तो कॉम्प्युटरवर खोल्या उभ्या करायचा आणि मी त्यांना रंग, लाकूड, ऊन द्यायचे, म्हणजे रेंडरिंग माझं. एका टेबलाशी बसून इतकी वर्षं काम केलं आम्ही, भांडलोही तिथेच.

त्याचं शेवटचं काम बजबजचं, शहराबाहेरच्या गिरण्यांच्या गावातलं. गिरणीतल्या निवृत्त कामगारांचा क्लब आहे, त्यांची एक पडीक खोली. काही सभासदांना तिथे लग्नाचा हॉल करून भाड्याने द्यायचा होता, आणि घोषदांना, म्हणजे क्लबच्या सेक्रेटरींना, वाचनालय हवं होतं. अविनाशने वाचनालय काढलं, पैसे न घेता. रविवारी सभा होती, तिथे पडद्यावर खोलीतून फिरवून दाखवायचं आणि मग मतं घ्यायची. ऊन तेवढं माझ्याकडून भरायचं राहिलं होतं. तेराव्यानंतर मी त्यासाठी टेबलाशी बसले.

काय सांगू तुम्हाला, माउस फिरवला की खोली जागच्या जागी थिजायची, मग हिसका देऊन भलतीकडेच जायची, आणि एक चित्र रेंडर व्हायला पूर्वी भात शिजेपर्यंतचा वेळ लागायचा तिथे आता सकाळी लावलं तर दिवेलागणीपर्यंत अर्धं. मिलिंदला फोन केला. तो न्यू टाउनला आयटीत आहे, म्हणाला, वहिनी, अहो सगळ्या फायली आधी नीट काढून ठेवल्या होत्या मी, डिस्क साफ करून एकदम फ्रेश टाकलंय, तुम्हाला भुर्रकन चालावं म्हणून. मग स्वतः येऊन बघितलं तर नवी सिस्टिम आमचं जुनं ग्राफिक्स कार्ड ओळखतच नव्हती. मी म्हटलं, पूर्वीसारखं करून दे. तर जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर पुन्हा चालू होईना, कंपनीने ती आवृत्ती केव्हाच बंद केलेली, म्हणजे नव्यावरच चालवणं आलं. मग म्हणतो कसा, वहिनी, तसंही डबडंच होतं ते, नवं मशीन घेऊन टाकू. मी म्हटलं, मिलिंद, मी सुतकात होते, मेले नव्हते. विचारायचं होतंस. तो म्हणाला, मशीन नुसतं पडून होतं, म्हटलं तेवढ्यात करून टाकावं. पडून होतं! माणूस गेल्यावर त्याचं टेबल चार दिवस पडून राहणारच की.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, मॉडेल जड आहे, जे दिसत नाही ते आधी काढून टाका.

मी फाइलची एक प्रत केली आणि तिच्यातलं काढायला बसले. भिंतीतलं कपाट दार लावलेलं होतं, ते उघडलं तर आत पुस्तकं. बंद कपाटात, जिथे कुणीही बघणार नव्हतं तिथे, त्याने पुस्तकं रचली होती, एक तर आडवं, घाईत कोंबल्यासारखं. ती काढली. तरी फाइल हलेना. मग दिसणारी पुस्तकं काढली, पंखा काढला, दाराशी चपला होत्या त्या काढल्या, खिडकीत चष्मा कपाळावर ढकलून झोपी गेलेला एक म्हातारा होता तो काढला. इतका राग आला होता मला की रडूसुद्धा येईना. मिलिंदचा राग, त्या गोड आवाजाचा राग, आणि दर वेळी खरंच काढू का म्हणून विचारणाऱ्या त्या चौकटीचा तर सगळ्यात जास्त, कारण त्या अख्ख्या महिन्यात मला विचारलं ते फक्त तिने.

रविवारी सभेत खोली फिरली. इकडे वहिनीला बौदी म्हणतात; मागून एकजण हसून म्हणाला, बौदी, ही लायब्ररी आहे की गोदाम, एक पुस्तक नाही. मी म्हटलं, पुस्तकं होती. ज्याने लावली तो गेला, आणि माझं मशीन ती उचलत नाही. तुम्हाला बघायची असतील तर घरून आणा आणि लावा. घोषदा म्हणाले, बसा बौदी, पाणी घ्या. मतं झाली. अर्धी खोली वाचनालयाला, अर्धी हॉलला, मध्ये प्लायवूडची भिंत. अविनाशच्या नकाशात तिथे भिंत नव्हती.

भिंतीचं काम सुरू झालंय. मिलिंद दर रविवारी फळं घेऊन येतो, मी त्याला चहा देते, पण या टेबलाशी बसू देत नाही. त्याचं भलं होवो, एवढं म्हणता येतं मला आता. मूळ फाइल डिस्कवर आहे. ती उघडते, अविनाशने जिथे थांबवली होती तिथलं दृश्य दिसतं, आणि पुढे हलत नाही.