रेघ मोडू नका

रीका : आता जरासुद्धा वळू नका, तार्मो. आकडा चढतोय.

तार्मो : गेल्या खेपेलाही असंच म्हणालीस. मग यंत्रच बिघडलेलं निघालं.

रीका : आज नाही. आज खरंच जन्मतायत. स्वच्छ ऊन पडलंय, खाली पाइनचं रान तापलंय, डिंकाचा वास वर येतोय आणि त्यातून हवेत नवे कण तयार होतायत. दोन वसंत वाट पाहिलीय मी याची.

तार्मो : आणि पुढे त्यांचेच ढग होणार. पाठ आहे मला. आता माझ्या बायकोलाही पाठ झालंय.

रीका : चेष्टा नंतर. आहे हीच उंची धरा.

तार्मो : धरलीय, शास्त्रज्ञबाई. वैमानिक आहे मी, टांगेवाला नाही... ए, डावीकडे खाली बघ. झाडं तोडलेल्या मोकळ्या जागेत कुणीतरी आहे. नारिंगी काहीतरी हलवतोय.

रीका : लाकूडतोड्या असेल. विमान दिसलं की सगळेच हात हलवतात.

तार्मो : पोरं उभी राहून हलवतात. हा बसून हलवतोय. एक फेरी मारू का?

रीका : फेरी? अहो, फेरी मारली की आपल्याच धुरातून जाऊ आपण. सगळं मापन मातीत. हेलसिंकीला कुठल्या तोंडाने जाऊ?

तार्मो : क्षणाचं काम आहे गं.

रीका : जेवायला बसला असेल तो. पाया पडते तुमच्या, रेघ मोडू नका.

तार्मो : बरं बाई. निदान पंख तरी हलवतो. रानातल्या माणसाला उत्तर न देता जाणं बरं नाही.

रीका : एकदाच. आणि हळू... तार्मो! दुप्पट झाला! आकडा दुप्पट झाला!

तार्मो : ऐकलं. हेडफोन आहे कानाला, ओरडू नकोस.

(काही आठवड्यांनंतर. मे सरत आला आहे. त्याच रानाच्या कडेचं एक घर, स्वयंपाकघर. टेबलाशी घरधनी ओइवा बसला आहे. त्याच्या विजारीचा एक पाय गुडघ्याखाली दुमडून टाचलेला. समोर रीका आणि तार्मो.)

ओइवा : बसा, बसा. कॉफी तुमची तुम्हीच ओतून घ्या, मी उठायचं म्हणजे कुबड्यांचा तमाशा. हा वेलचीचा पाव सिल्वीने मुद्दाम तुमच्यासाठी भाजलाय. ती सॉना तापवायला गेलीय. तुमचा फोन आल्यापासून बायकोचे पाय जमिनीला लागत नाहीत माझ्या.

तार्मो : पेपरात वाचलं आम्ही. रानाचं नाव होतं त्यात.

ओइवा : पेपरवाल्यांनी निम्मंच लिहिलं. झाड पडताना बुंधा मागे उसळला आणि पायावर बसला. फोन जॅकेटात, जॅकेट ट्रॅक्टरवर. जन्म गेला रानात, आणि हा गाढवपणा! ओरडून ओरडून घसा बसला. तेवढ्यात तुमचं विमान आलं. हेल्मेट काढलं आणि हलवत सुटलो. आणि तुम्ही पंख हलवलेत!

रीका : हो.

ओइवा : रडलो मी. म्हटलं, बघितलं त्यांनी. आता कुणीतरी येणार. झोपलो असतो तर तिथेच संपलो असतो, असं डॉक्टर म्हणाले. डोळे मिटायला लागले की स्वतःला दटावायचो, अरे, माणसं निघालीयत, जागा राहा.

तार्मो : मग आलं कोण?

ओइवा : शेजारचा पाओली. ऊन कलल्यावर. तो म्हणतो, मी तर पाचर मागायला आलो होतो. पण सिल्वीला ते पटत नाही. तिचं म्हणणं, विमानवाल्यांनीच कुठेतरी कळवलं असणार. थोडं आधी कुणी आलं असतं तर पाय राहिला असता म्हणतात. पण त्याला तुम्ही काय करणार? आकाशातून उडी मारणार होतात?

तार्मो : रीका.

रीका : सांगते.

तार्मो : नाहीतर मी सांगतो. सुकाणू माझ्या हातात होतं.

रीका : ओइवा, आम्ही कुणालाही कळवलं नाही.

ओइवा : काय?

रीका : यांना शंका आली होती. वळू का म्हणाले. मी नको म्हणाले. मापन चाललं होतं. मला वाटलं... नाही, वाटलं वगैरे काही नाही. मी नीट खाली बघितलंच नाही. बघितलं असतं तर वळावं लागलं असतं.

ओइवा : आणि पंख?

तार्मो : ते मी. नमस्काराला नमस्कार म्हणून.

ओइवा : नमस्कार.

तार्मो : रेडिओवर एक शब्द टाकता आला असता. तोही टाकला नाही. उतरल्यावर केक कापला आम्ही.

ओइवा : कसला केक?

रीका : मी आणला होता. आकडे चांगले आले म्हणून.

ओइवा : मोजत काय होतात एवढं?

रीका : राहू द्या ना ते.

ओइवा : का? रान माझं होतं. सांग.

रीका : झाडांच्या वासातून हवेत कण जन्मतात. डोळ्यांना न दिसणारे. ते वाढतात, मग त्यांच्यावर ढगाचं पाणी धरतं. ते रानावर किती उंच जन्मतात, हे बघत होतो.

ओइवा : मिळालं?

रीका : हो.

ओइवा : चांगलं मिळालं?

रीका : फार चांगलं. त्या मोकळ्या जागेवर सगळ्यात चांगलं. नुकत्याच तोडलेल्या झाडांना वास जास्त असतो.

ओइवा : म्हणजे मी तोडलेल्या.

रीका : हो. तुम्ही म्हणालात तर ते सगळं टाकून देते मी.

ओइवा : मग मला काय, पाय फुटेल? ठेव ते. दोघांचंही वाया कशाला घालवतेस?

रीका : ओरडा तरी माझ्यावर.

ओइवा : ओरडून झालंय माझं. त्याच दिवशी.

तार्मो : सिल्वीबाई येतायत, खिडकीतून दिसतायत. त्यांनाही आम्हीच सांगतो.

ओइवा : अजिबात नाही. दार जरा वाजलं तरी दचकते अजून ती. पण झोप लागते ती एवढ्यावरच, की वरून कुणीतरी बघत होतं. ते काढून घेऊ नका तिच्यापासून.

रीका : मग आम्ही निघतो.

ओइवा : बसा खाली. तिने तुम्हा दोघांसाठी लोकरीचे मोजे विणलेत.

रीका : मला नाही घेता येणार.

ओइवा : घ्यायचे, पोरी. आणि इथेच, तिच्यासमोर पायात घालून बघायचे.