मधल्या केसरबाई

साखर कारखान्याचे दोन साहेब, एक ऊस तोलणाऱ्या काट्याचा अन् एक हिशेबाचा, हैदराबादेहून कम्प्युटरची परिषद ऐकून आले. मांजरसुंब्याच्या थांब्यावर एकमेकांशी अबोला धरून बाकड्याच्या दोन टोकांना बसले आणि मधे सापडल्या गाडीची वाट पाहणाऱ्या केसरबाई.

“मावशी, त्या हिशेबवाल्याला इचारा, पहिल्याच भाषणाला काहून घोरत होता?”

“मावशी, त्या काटेवाल्याला इचारा, जागं राहून त्यानं कोणता उजेड पाडला?”

“मावशी, सांगा त्या हिशेबवाल्याला, काट्यावरचा कम्प्युटर हिशेबाच्या कम्प्युटरशी आपसूक बोलणार हाय. मधी माणूस लागणार न्हाई.”

“आन् ते जोडणार कोण?” केसरबाईंनी विचारलं.

“आमी दोघं!” दोघंही एकदम म्हणाले.

तेवढ्यात केसरबाईंची गाडी आली. केसरबाई पिशवी घेऊन उठल्या, तसे दोघेही ओरडले:

“मावशी, बसा की! दुपारच्या भाषणांवरचं भांडण राह्यलंय अजून!”