हळदकुंकू लावलेली सीडी

सन्माननीय अध्यक्ष गुरुप्रसादजी, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती देवदत्तराव, आणि एवढ्या उकाड्यात चिकाटीने बसलेल्या माझ्या रसिक बंधुभगिनींनो,

पाच मिनिटांत आटपा, असं मला बजावण्यात आलंय. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला पाच मिनिटं हजेरी घ्यायलाही पुरत नाहीत, पण बघू. देवदत्तराव माझे विद्यार्थी. पस्तीस वर्षं चालवलेला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ ते आज बंद करतायत. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. काटेकोर! अहो, मांडवीच्या त्या एका खोलीच्या स्टुडिओबाहेर कावळा ओरडला तरी हा माणूस गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा. कॅसेट गेली, सीडी आली, व्हीसीडी आली नि गेली, याचं आपलं "बाई, अजून एकदा घेऊया" चालूच. जुनी गाणी शोधून याच्याकडे आणणारी मी, डोकं फिरायचं माझं.

आता खरं काय ते सांगते. अध्यक्षमहाराज, घड्याळ बघू नका.

वीस वर्षांपूर्वी हातखंब्याच्या आतल्या एका गावातल्या तुळसाबाईंची, भात लावताना म्हणायची अकरा गाणी आम्ही मुद्रित केली. ती गाणी त्यांच्याशिवाय कोणालाच येत नव्हती. पंधरा दिवस त्या एसटीने येत होत्या. सीडीची वेष्टनं छापून आली, रविवारी प्रकाशन ठरलं. पण पूजा झाल्याशिवाय प्रती काढायच्या नाहीत, हा देवदत्तरावांचा नेम! खंडेनवमीला माइक, हेडफोन सगळं मांडलं आणि मधोमध तुळसाबाईंची मूळ सीडी. आता सांगा, हळदकुंकू माणसाने कुठे लावावं? छापील बाजूला? छे! चकचकीत बाजू देवाला बरी दिसते म्हणून नेमकं तिथेच, जिथून गाणी वाजतात. वर अक्षता. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने खसाखसा पुसली. आणि कॉम्प्युटरमधलं मुद्रण? ते आदल्याच दिवशी काढून टाकलेलं, पुढच्या भजनी मंडळाला जागा हवी म्हणून.

"बाई, सीडी वाजत नाहीये," एवढंच फोनवर म्हणाला. मी काय बोलले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

निमंत्रणं तर गेलेली. शेवटी पाच कोऱ्या सीड्या वेष्टनांत घालून आम्ही याच सभागृहात प्रकाशन उरकलं. "विक्री लवकरच" असं मीच जाहीर केलं. तुमच्यातल्या निम्म्यांनी टाळ्या वाजवल्यायत. तुळसाबाईंनी त्यांच्या वाट्याची कोरी सीडी पदरात गुंडाळून नेली. घरी वाजवायला काही नव्हतं, म्हणून आम्ही सुटलो.

त्यांना खरं सांगायचं आणि पुन्हा गायला बोलवायचं, एवढंच काम होतं. मी म्हणायचे, तू सांग. हा म्हणायचा, बाई, तुम्ही सांगा. दोन वर्षं आम्ही एकमेकांवर ढकलत राहिलो आणि तुळसाबाई गेल्या.

तेव्हापासून येईल त्या नव्या यंत्रात हा ती हळदकुंकवाची सीडी घालून बघतोय. मी विचारायचं आणि याने म्हणायचं, "होईल, बाई." संताप येतो हो! गेल्या महिन्यात स्टुडिओ आवरताना अडगळीतल्या एका जुन्या सीडी-ड्राइव्हमध्ये तिच्यावरच्या अकरांतली तीन गाणी वाजली. ती घेऊन आम्ही तुळसाबाईंच्या नातीकडे, आरोहीकडे गेलो आणि एकदाचं सगळं कबूल केलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आजीला ठाऊक होतं. त्या शिमग्याला काका मुंबईहून प्लेअर घेऊन आलेले. आजीनं सगळी वाडी गोळा केली नि सीडी लावली. काहीच वाजलं नाही."

"काही बोलल्या का त्या?"

"बोलली ना. 'कुनाला सांगू नको हां, आरोही. दोगांनी लय म्हेनत घेतल्यानी, त्यांना वायट वाटंल. बोलवतील परत.' रोज संध्याकाळी पडवीत बसून ती गाणी म्हणायची, बाई. आवाज राहायला हवा म्हणायची."

देवदत्त तिथेच पायरीवर बसला. मीही बसले.

तर देवदत्त, आज तुझ्या सत्काराला मी तुझी उणीदुणी काढली, त्यातली निम्मी माझी आहेत. मंडळी, आपण निमूट ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला आवरलं नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. तुळसाबाईंनी घातलं होतं.